बसचं चित्र कुणाचं?

१

मंगळवारी सकाळी पावणेदहाला नाजिशनं कपाट उघडलं, वरचं रजिस्टर उचलून पहिलं पान उलटलं आणि "या अल्ला!" म्हणून ती ओरडली. नावांचं रजिस्टर कपाटात नव्हतं.

खरं सांगते, माझ्या मनात आधी काय आलं असेल? बरं झालं! रजिस्टर गेल्याची धडकी नंतर भरली. आधी बरं वाटलं, कारण त्या कपाटाची चावी एकाच पर्समध्ये असते, आणि ती पर्स नाजिशची.

मी पौर्णिमा. मंगरुळपीरला आमची एक लहानशी संस्था आहे. धंदा करणाऱ्या बायांना एचआयव्ही आणि गुप्तरोगापासून जपायचं हे आमचं काम. किती जणी भेटल्या, किती जणींची तपासणी झाली, कुणी औषध अर्ध्यात सोडलं, यावर देखरेख मी ठेवते. पाच वर्षं झाली ठेवतेय. नाजिश समुपदेशक, तिला येऊन जेमतेम दीड वर्ष झालं. पण बाया तिला 'नाजिशदीदी' म्हणतात आणि मला 'मॅडम'. तिच्या खोलीचं दार लागलं की आतून आधी रडणं ऐकू येतं आणि मग हसणं. माझ्या टेबलापाशी आजवर कुणी रडलं नाही. येतात, अंगठा देतात, निघून जातात. आमचा फिल्डवरचा प्रसेनजितसुद्धा चहाचा कप घेऊन रोज तिच्याच खोलीत. त्याच्याबद्दल मला काय वाटतं ते इथं सांगायची गरज नाही.

तर रजिस्टर. आमच्या बाकी सगळ्या कागदांवर फक्त नंबर असतो. कोणत्या नंबरची बाई कोण, कुठं राहते, हे त्या एकाच रजिस्टरात. एकशे त्रेचाळीस नावं. कुणी सासरी नांदतेय, कुणाची पोरगी कॉलेजात आहे, कुणाच्या नवऱ्याला वाटतं बायको सोयाबीन सोंगायला जाते. त्यातलं एक पान गावात फिरलं तर एखादीच्या जिवावर बेतेल. वरून गुरुवारी मुंबईचं पथक आमचं काम तपासायला येणार होतं.

आमचे व्यवस्थापक राजपाल सर लालबुंद झाले. "पौर्णिमा, तू शोध. गुरुवारी दहाच्या आत रजिस्टर मायापुढं पाहिजे. नाहीतर नाजिशले मी त्याच दिवशी काढतो अन् पोलिसात तिचंच नाव देतो."

"सर, मी सोमवारी चार रजिस्टरं ठेवली होती," नाजिश रडत म्हणाली. "कसम से, मोजून ठेवली."

मी कपाटात वाकून पाहिलं. मग सरांकडं वळले. "सर, तीनच आहेत."

हे मी खोटं बोलले.

२

का बोलले ते सांगेन, जरा दम धरा. आधी सोमवारचं ऐका.

आमच्याकडं एक पद्धत आहे. बायांमधूनच निवडलेल्या काही जणी बाकीच्यांना भेटतात, समजावतात, तपासणीला आणतात. त्यांना आम्ही पीअर म्हणतो. बहुतेकींना वाचता येत नाही. म्हणून प्रत्येक बाई नाव नोंदवताना छापील शीटवरून आपलं एक चित्र निवडते. पोपट, कात्री, मिरची, कंदील, असं काहीही. रजिस्टरात नावापुढं तेच चित्र चिकटवलेलं असतं. बाई भेटली की चित्राशेजारी लाल टिकली, तपासणी झाली की हिरवी. कपाळाला लावायच्याच टिकल्या, बाजारातून पाकिटं आणतो. तिमाही संपली की प्रत्येक पीअर नाजिशच्या शेजारी बसून स्वतःच्या पानावर टिकल्या लावते. दुसरीचं पान कुणी बघायचं नाही असा नियम आहे.

सोमवारी चार वाजता टिकल्यांचं काम आटोपलं. टेबलावर चार रजिस्टरं एकावर एक ठेवलेली, सगळ्यांना सारखंच खाकी कव्हर. तेवढ्यात एक बाई रडत आली आणि नाजिश तिला घेऊन आत गेली. पंधरा मिनिटांनी बाहेर येऊन तिनं चारही उचलली आणि कपाटात बंद केली. तेवढ्या वेळात हॉलमध्ये आम्ही चौघं होतो. प्रसेनजित, मंजू, कमलीबाई आणि मी.

प्रसेनजितला मी मंगळवारी दुपारी धरलं.

"मले कायले इचारतं तू?" तो भडकला. "मी मोबाईलवर होतो. अन् आज सकाळपासून वाशिमले गेलो होतो, औषधाचे खोके आनाले. पावती पाय."

"वाशिमहून पुढं कुठं गेला होता का?"

"पौर्णिमा, तुले काय झालं? नाजिश तिकडं रडून राह्यली अन् तू मायी उलटतपासनी करतं?"

तिचं रडणं बरं दिसतं याला. मी दात खाऊन पुढचं नाव घेतलं.

मंजू आमची सगळ्यात हुशार पीअर. सातवी शिकलेली, तरतरीत, पोस्टरवर फोटो आलेला. आसेगाव आणि त्या रस्त्यावरची गावं तिच्याकडं.

"मॅडम, रजिस्टर गेलं त माह्याच बाया बिथरतील," ती म्हणाली. "मी काहून मायाच पायावर धोंडा पाडून घेईन? गेल्या तिमाहीत तुमीच त बावीस बाया मले देल्या. आता कुठं त्या माह्याशी बोलाले लागल्या."

ते खरं होतं. त्या बावीस बाया आधी कमलीबाईच्या होत्या. कमलीबाईच्या पानावर हिरव्या टिकल्या कमी, म्हणून एका बैठकीत मी त्या मंजूकडं वळवल्या. आकडे बघूनच केलं होतं.

कमलीबाई त्या दिवशी आलीच नव्हती. ती बुधवारी सकाळी आली, काखेत पिशवी, चेहरा ओढलेला. पन्नाशी उलटलेली, या कामातली आमची पहिली पीअर. तिनं घरोघर फिरून बाया जमवल्या तेव्हा मी कॉलेजात होते.

"काल कुठं होती कमलीबाई?"

"पोरीकडं गेली होती."

"रजिस्टर गेलं, ऐकलं ना?"

"आयकलं. मले काय कराचं त्याचं? मले त मायं नाव बी वाचता येत नाही."

हे मला पटलं. तिच्या नावापुढं मी काट मारली. आणि त्याच वेळी मंजू धावत हॉलमध्ये शिरली, मुठीत चार कागद चुरगाळलेले.

"मॅडम, घात झाला! माह्या बायांच्या दारात कोनी हे टाकलं!"

३

चार चित्रं होती. पोपट, कात्री, मिरची, कंदील. छापील चित्रांच्या शीटमधून कापलेली आणि प्रत्येकावर काजळाची आडवी रेघ. एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजही नव्हती. ज्या बाईनं आपलं गुपित पोपटामागं लपवलं, तिच्या उंबऱ्यावर रेघ मारलेला पोपट पडला तर तिला काय कळायचं ते कळतं. तुझं नाव फुटलं.

"मंगळवारी त्या निंदाले गेल्या होत्या, घरी आल्या त दारात हे," मंजू म्हणाली. "चौघी बी म्हनतात, आता आमी तपासनीले येत नाही. मंजूच्या हातात आमचं नाव सुखरूप नाही. कमलीबाईकडंच बऱ्या होतो म्हनतात."

चौघी आधी कमलीबाईच्याच होत्या. पण ते ऐकूनही माझं डोकं तिकडं गेलं नाही. वाचता न येणारी बाई एकशे त्रेचाळीस नावांतून चार नावं शोधणार कशी? माझं डोकं एकाच ठिकाणी अडकलं होतं. नाजिश. चावी तिची, रजिस्टर तिच्या ताब्यात, आता बाया घाबरल्या तीही तिचीच जबाबदारी. कितीही चांगली 'दीदी' असली तरी आता कशी वाचेल, असं मी स्वतःशी म्हणत होते. अशी मी! लाज वाटते आता, पण तेव्हा वाटत नव्हती.

बारा वाजता ऑफिसच्या दारात एक म्हातारा उभा राहिला. पांढरी टोपी, गळ्यात शिंप्याची टेप तशीच राहिलेली. नाजिशचे वडील निजामुद्दीन. नाजिशनं रात्री घरी सांगितलं असणार. दुकान अर्धं टाकून ते आले होते.

राजपाल सरांनी त्यांना बस म्हटलं नाही.

"साहेब, माह्यी पोरगी चोर नाही," ते म्हणाले आणि त्यांनी हात जोडले. "तिच्या हातून चूक झाली असन, नजरचूक झाली असन. तुमी म्हनसान त मी तिले घरी ठेवतो. पन पोलिसात नका देऊ. उद्या तिले पाहाले लोक येनार हायत. माह्यी इज्जत तुमच्या हातात हाय."

"चाचा, मी काय करू? कुलूप शाबूत, चावी तिच्याकडं, अन् रजिस्टर गायब. तुमीच सांगा कोनावर संशय घिऊ?"

म्हाताऱ्याचे हात तसेच जोडलेले. नाजिश तिच्या खोलीच्या दारात उभी राहून बघत होती. माझं टेबल तिथून चार पावलांवर. मला तोंड उघडायचं होतं. नाही उघडलं.

४

आता ती गोष्ट सांगते.

मंगळवारी कपाटात तीन नाही, चारच रजिस्टरं होती. चौथं होतं दोन वर्षांपूर्वीचं, निरोधवाटपाचं, भरून झालेलं. ते मागच्या खोलीतल्या रॅकवर धूळ खात असायचं. नाजिशनं सकाळी तेच उघडलं होतं. अनोळखी पान दिसताच ती हादरली आणि पुढं तिला काही सुचलं नाही.

मला मात्र लगेच सुचलं. कुलूप उघडून चोरी करणारा माणूस कपाटात दुसरं रजिस्टर कशाला ठेवेल? बदली रजिस्टर ठेवायचं काम पडतं ते कुलूप लावणाऱ्याला फसवायला. म्हणजे सोमवारी टेबलावरच अदलाबदल झाली. नाजिशनं चार मोजली ती बरोबर, पण त्यातलं एक भलतंच होतं. चावीचा इथं संबंधच नाही. आणि तिनंच बनाव केला असता तर ते चौथं रजिस्टर तिनं आधी सगळ्यांच्या नाकापुढं नाचवलं असतं. तिला तर ते आठवतही नव्हतं.

ती निर्दोष आहे हे मला मंगळवारी दहाच्या आत कळलं होतं. सर फोनवर ओरडत होते, नाजिश तोंड झाकून बसली होती. ते जुनं रजिस्टर मी काखेत घातलं आणि मागच्या रॅकवर नेऊन ठेवलं. दोन दिवस तिला सगळ्यांच्या नजरेतून उतरलेली बघायचं होतं मला. फक्त दोन दिवस. मग मीच खरा चोर पकडणार, मग पौर्णिमाचं नाव होणार. मत्सर माणसाला किती बारीक हिशोब करायला लावतो!

निजामुद्दीनचाचा गेले. तासाभरानं नाजिश माझ्या टेबलापाशी आली. डोळे सुजलेले.

"तू शोधून राह्यली ना, म्हनून तुले सांगते. सर माह्यं काही ऐकत नाहीत." तिनं फोन पुढं केला. "रिसोडवरून पंचफुलाचा फोन आला होता. आठवते? दोन वर्षं झाली तिले धंदा सोडून. लग्न झालं, नवरा बाजार समितीत हमाल हाय. माझा नंबर तिनं कोनाकडून तरी घेतला. लई रडत होती. काल दुपारी तिच्या दारात बी चित्र पडलं. बसचं. काजळाची रेघ मारलेलं."

दोन वर्षांपूर्वी सोडून गेलेली बाई, तीही रडायला हिलाच फोन करते, हे आधी माझ्या मनात आलं. आणि त्याच्या मागोमाग दुसरं आलं. मी खुर्चीवरून उठलेच.

"बस? नक्की बस?"

"हो. काहून?"

"मंजूला बोलव."

५

माझ्या संगणकात नावं नसतात, पण नंबर आणि चित्रं असतात. शीटवर दीडशेच चित्रं आहेत, म्हणून एखादी बाई काम सोडून गेली की तिचं चित्र मोकळं होतं आणि नव्या बाईला मिळतं. हा नियम मीच केलेला. बस आधी पंचफुलाची होती. आता ती मंजूच्या पानावर होती, तीन महिन्यांपूर्वी आलेल्या नव्या नंबरपुढं.

"मंजू, बस कुणाची?"

तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि कानात सांगितलं, "साक्षीची. आसेगावची."

"तिच्या दारात काही पडलं?"

"नाही. तिले त काहीच नाही पडलं."

बघा आता. चोर मंजूच्या पानावरच्या पाच चित्रांमागं गेला. पोपट, कात्री, मिरची, कंदील बरोबर दारात पडले. पण बस आसेगावात साक्षीकडं न जाता रिसोडला पंचफुलाकडं गेली. ज्याला वाचता येतं तो असं करील का? बसपुढं ठळक अक्षरात साक्षीचं नाव आणि गाव लिहिलेलं आहे. प्रसेनजितनं ते वाचलं असतं. नाजिशनं वाचलं असतं. मंजूला तर न वाचताही ठाऊक होतं. बस म्हणजे पंचफुला, असं फक्त त्या माणसाला वाटेल ज्यानं कधीकाळी पंचफुलाला बसच्या चित्रानं ओळखलं, आणि ज्याला पुढचं नाव वाचता येत नाही.

वाचता येत नाही म्हणून मी जिला सोडून दिलं होतं, तिला तेच पकडून देत होतं. मग मी तिची फाईल उघडली. कमलीबाई, मुलंबाळं नाहीत. मंगळवारी ती 'पोरीकडं' गेली होती.

गुरुवारी सकाळी सातला मी तिच्या घरी पोचले. ती अंगणात भांडी घासत होती. मी काही बोलायच्या आत तिनं हात धुतले, आत गेली आणि लुगड्यात गुंडाळलेलं रजिस्टर माझ्या हातात दिलं. एकही पान फाटलेलं नव्हतं.

"मले वाटलंच तू येशीन. बस म्हन्जे पंचफुला नाही ना?"

"नाही. साक्षी म्हणून दुसरी आहे."

ती खाटेवर टेकली. "अरे देवा! मले फकस्त पाहाचं होतं, माह्या बावीस जनी तिच्या पानावर कशा दिसतात. तवर नाजिश बाहेर आली असती, म्हनून मांगच्या खोलीतलं एक उचलून ठेवलं अन् हे पिशवीत टाकलं. घरी येऊन पाह्यलं त मंजूच्या पानावर हिरव्या टिकल्याच टिकल्या! माह्यासाठी दवाखान्यात जात नव्हत्या त्या. अन् मंग बस दिसली. त्या पंचफुलीचं लगन म्या लावलं, पौर्णिमा. पोटच्या पोरीवानी लावलं. मले म्हने, बाई, आता हे सोडलं. अन् माह्या मांगं मंजूकडं जाते? माह्या आंगाची आग झाली. म्हनलं, भेव दाखवतो साऱ्यायले, येतीन परत."

"अगं, तिचा संसार मोडला असता! त्या चौघींचा मोडला असता!"

"आता कयते. तवा नाही कयलं." तिनं पदरानं डोळे पुसले. मग माझ्याकडं नीट पाहिलं. "तुले नाही समजाचं ते. तुह्या हातून कोनी काही नेलं नाही."

"समजतं," मी म्हटलं. "लई समजतं मले."

६

नऊ वाजता मी रजिस्टर राजपाल सरांच्या टेबलावर ठेवलं आणि कमलीबाईचं सगळं सांगितलं. ती मागं उभी होती, एकाही शब्दाला नाही म्हणाली नाही. सरांनी तिचं ओळखपत्र काढून घेतलं. नावं फोडायची भीती दाखवणारी पीअर ठेवता येत नाही, आणि ते मलाही मान्य होतं. ती गेल्यावर नाजिशनं रजिस्टर छातीशी धरलं आणि माझा हात हातात घेतला.

"तुझ्यामुळं वाचली मी. तुझे उपकार..."

"थांब," मी म्हटलं. "कपाटात तीन नव्हती. चार होती."

मग मी तिला चौथ्या रजिस्टरचं सांगितलं. सरांसमोरच सांगितलं. रॅकवरून आणून तेही दाखवलं. तिनं माझा हात सोडला.

"कधी कळलं तुले?"

"मंगळवारी. सकाळीच."

"मंजे अब्बा काल इथं हात जोडून उभे होते," ती हळू बोलली, "तवा तुले माहीत होतं."

"हो."

"काहून पण? मी तुझं काय केलं होतं?"

"काहीच नाही. मी जळत होते तुझ्यावर."

तिनं शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. ती वळली, खोलीत गेली आणि आधी पंचफुलाला, मग आसेगावच्या एकेकीला फोन लावून धीर देऊ लागली. दार तिनं उघडंच ठेवलं. त्या आवाजात रडण्याचा मागमूस नव्हता.

पथक यायला वीस मिनिटं होती. मला घटनेचा अहवाल लिहून द्यायचा होता. काय घडलं, कुणाला कधी कळलं, काय केलं, सगळं तारीखवार. मी लिहिला. राजपाल सरांनी वाचला आणि दार लोटून घेतलं.

"पौर्णिमा, येडी झाली का? हे असं देलं त पथक तुले ठेवनार नाही. पाच वर्षांची नोकरी हाय तुही. मंगळवार खोडून टाक. जुनं रजिस्टर रॅकवर होतं, ते बुधवारी संध्याकाळी तुह्या ध्यानात आलं, असं लिही. एका दिवसाचा त फरक हाय. कोनाचं काय बिघडते?"

त्यांनी पेन पुढं केलं. पाच वर्षं मी दुसऱ्यांच्या तारखा तपासल्या, आणि एका दिवसाचा फरक कुणाला माफ केला नाही.

"मंगळवारच राहू द्या सर," मी म्हटलं. "नाजिशचे अब्बा बुधवारी दुपारी आले होते."